चार पाच सहा सात

१९ सप्टेंबर २००२

शेवटी काम मिळालं. यवतला हायवेच्या कडेला मल्हारी आबांचं कापडाचं दुकान आहे. तिथे दिवाळीच्या सेलसाठी कॉम्प्युटर बसवलाय, त्यावर प्रोग्राम करून द्यायचा. शिरूरला माहेरी असताना मी फॉक्सप्रोचा कोर्स केला, तेव्हा बाबा म्हणाले होते की याचा पुढे उपयोग होईल. लग्न होऊन कासुर्डीला आले आणि ते सर्टिफिकेट आजवर ट्रंकेच्या तळाशी अंथरायच्या कामी आलं. आज मी जीपमध्ये चढताना सासूबाई दारात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सांजच्याला येताना मिरच्या आन." ही परवानगी आहे असं मी धरून चालले.

दुकान आबांचं, पण कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा, पप्पूशेठचा. हायवेला दोन नवी दुकानं झालीत, दोन्हीकडे सेलचे बोर्ड, आणि गिऱ्हाईक तिकडे वळतंय. पप्पूशेठला घासाघीस बंद करायचीय. प्रत्येक कपड्याला छापील लेबल लागणार. त्यावर वर जुना भाव, त्याच्यावर फुली, खाली पप्पूशेठने ठरवलेला नवा भाव. माझ्या प्रोग्रामने दोन्ही भाव ताडून बघायचे, किती टक्के सूट ते छापायचं, आणि काही वेडंवाकडं दिसलं तर बोंब मारायची. दिवाळीपर्यंत हे जमलं नाही तर दुकान कसं चालवायचं ते पप्पूशेठला माहीत नाही. तसं तो बोलूनही दाखवतो.

आबा गादीवर बसतात. डोक्याला मोठं पागोटं, कानात भिकबाळी, आणि तोंडात शब्द नाही. त्यांची बायको वैशाखात गेली. पप्पूशेठ हळूच म्हणाला, "आय गेल्यापासनं आबांचं बोलनंच कमी झालंय. तुमी मनावर घेऊ नका."

या दुकानात भाव आकड्यात लिहितच नाहीत. आबा पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर अक्षरं लिहितात. गिऱ्हाइकाला कळत नाही आणि आपल्याला कुठवर उतरायचं ते कळतं. म एक, ल दोन, र तीन, क चार, श पाच, ब सहा, ई सात, य आठ, व नऊ, त शून्य. म्हणजे 'लशत' दिसलं की दोनशे पन्नास. मी विचारलं, हे कुठून आणलंत?

"माझं मीच जुळिवलं. दुकान टाकलं तवा."

मी आपली उत्साहात. म्हटलं, "आबा, आता ही अक्षरं लिहायची कटकट संपली. दिवाळीपासून सगळं मशीन छापणार."

"आजाबात लिवायची न्हाईत?"

"अजिबात नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. म्हातारा खूश झाला असं मला वाटलं.

२३ सप्टेंबर

प्रोग्राम माझ्यावरच उलटला. धोतरजोडी, आधीचा भाव १२०, आताचा ९५, आणि मशीन ओरडतंय, 'सूट देऊन भाव वाढला'. एकशे वीसपेक्षा पंच्याण्णव जास्त? पप्पूशेठ मागे उभा, त्याच्या मागे त्याची बायको साधना, आणि मी पहिल्यांदा स्वयंपाक बिघडलेल्या नव्या सुनेसारखी घामाघूम.

दुपारी जेवताना सापडलं. भावाचा रकाना मी आकड्यांचा करायच्या ऐवजी अक्षरांचा केला होता. अक्षरं म्हटलं की मशीन पहिलं अक्षर बघतं. एकापेक्षा नऊ मोठा, मग पुढचं कोण बघतंय. रकाना बदलला आणि सगळं मुकाट जागेवर बसलं.

आबांनी गादीवरून विचारलं, "काय झालं व्हतं गं पोरी?"

म्हटलं, "काही नाही आबा. मशीनला आकडे अक्षरं वाटत होते."

"मग त्यात त्याचं काय चुकलं?" असं म्हणून आबा चक्क हसले. साधना आणि पप्पूशेठ एकमेकांकडे बघायला लागले. मला विनोद काही कळला नाही, पण त्यांच्याबरोबर मीही हसले.

२९ सप्टेंबर

हे आज आले नाहीत. रांजणगावला कंपनीत ओव्हरटाइम आहे म्हणे. शेजारी फोन आला होता तो सासूबाईंनी घेतला. मी हात धुऊन जाईपर्यंत ठेवला होता. "काय म्हणाले?" विचारलं तर, "काय म्हणनार? बरा हाय."

सांज्याची तयारी केली होती. ती तशीच डब्यात भरून ठेवली.

३ ऑक्टोबर

जुन्या मालाची सगळी नोंद साधनाने करून टाकली. तिला मी टाइप करायला शिकवलं, आणि आता ती चिठ्ठी बघून थेट आकडा मारते. म्हटलं, अक्षरांवरून आकडे इतक्या भरभर कसे ओळखता? म्हणाली, "ताई, आमी अक्षर बघतच न्हाई. क दिसला की चार. ह्यांना तर ल्हानपनी पाढ्यागत पाठ करायला लावलं व्हतं."

एक गंमत दिसली. दुकानातल्या निम्म्याहून जास्त भावांत चार, पाच, सहा, सात हेच आकडे. साडी ४५६ ला, लुगडं ७४५ ला, चादरजोडी ५६७ ला. सगळं जग पाचशेला किंवा चारशे नव्याण्णवला विकतं. आबांना विचारलं तर म्हणाले, "हाताला वळन हाय." अशी वळणं असतात काही लोकांना. आमच्या शिरूरचे एक मास्तर सगळ्यांना सदतीस मार्क द्यायचे.

जेवताना साधनाने सासूबद्दल सांगितलं. त्या आजी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चिठ्ठ्यांना दोरा ओवायच्या. त्यांचं माहेर, सासर सगळं मेंढ्यांमागे हिंडणारं, त्यामुळे दोराही त्यांनी स्वतः कातलेल्या काळ्या लोकरीचा. अजून अर्धा गुंडा शिल्लक आहे आणि आबा दुसरा दोरा वापरू देत नाहीत. आजींना एक अक्षर वाचता यायचं नाही. चिठ्ठी उलटी की सुलटी तेही त्या भोकावरून ओळखायच्या.

"आन् आबांनी त्यान्ला कवा नावानं हाक मारलेली मी तरी ऐकली न्हाई," साधना म्हणाली. "'अगं', न्हाई तर 'कोन हाय का तिकडं?'. आत्याबी तसंच. 'मालक' म्हनायच्या."

मला रागच आला. उभा जन्म एका छपराखाली काढला आणि नाव घ्यायला जीभ जड. आमच्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा. मी 'ए' आहे, फार तर 'ऐकलं का'. सासूबाईंची मी 'सूनबाय'. अनुपमा हे नाव मी आता फक्त या वहीत वाचते.

१० ऑक्टोबर

दिवाळीचा नवा माल आला. आबा दोन दिवस गादीवर बसून चिठ्ठ्या लिहीत होते. पप्पूशेठ म्हणाला, आता कशाला लिहिता? तर म्हणाले, "ह्या खेपंला लिवतो. पुढच्या खेपंपासून तुमचं मशीन." साधनाने नोंदी केल्या, मी प्रोग्राम चालवला आणि पडदाभर बोंबच बोंब.

पंचा, आधीचा भाव ४५६७, आताचा ४५. सूट नव्याण्णव टक्के.
परकर, आधी ४५६७, आता ६०.
लहान मुलाचा फ्रॉक, आधी ४५६७.
टोपी, ४५६७.

आधी मी माझ्याच प्रोग्राममध्ये शोधलं. एकच आकडा सगळ्या ओळींत चिकटतोय म्हणजे मागच्या ओळीचा भाव पुसला जात नसेल. दोन तास गेले. प्रोग्राम स्वच्छ. मग लक्षात आलं, चार पाच सहा सात! कीबोर्डवर शेजारी शेजारी बसलेले आकडे. कंटाळा आला की माणूस बोट असं सरकवत नेतो. आम्ही क्लासमध्ये खोट्या नोंदी भरायला हेच करायचो.

साधनाला म्हटलं, "काम होत नसेल तर सांगायचं. असे काहीतरी आकडे मारायचे नाहीत." पप्पूशेठसमोर म्हटलं. तिचा चेहरा उतरला. ती आत निघून गेली.

११ ऑक्टोबर

साधनाने सकाळी कापडाचा गठ्ठाच आणून माझ्यापुढे आपटला. "मोजा. तुमीच वाचा." प्रत्येक चिठ्ठीवर आबांच्या बारीक, गोल अक्षरात क श ब ई. क चार, श पाच, ब सहा, ई सात. बरोबरच मारले होते तिने.

मी सॉरी म्हटलं. तिने ऐकून घेतलं पण मला चहा विचारला नाही. बरोबर आहे तिचं.

मग आबांनी असं का लिहिलं? चाळशी बदलायला हवी असेल.

१४ ऑक्टोबर

उद्या दसरा, म्हणून पप्पूशेठने घाईने थोडी लेबलं छापून लावायला लावली. मी म्हटलं होतं, आधी नव्या मालाचं निस्तरू. त्याने ऐकलं नाही.

भरल्या दुकानात दगडाबाई म्हणून एक पंचा घ्यायला आल्या. नातवाला लेबल वाचायला लावलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आगं बया! साडेचार हजाराचा पंचा पंचेचाळीसला? सोन्याची तार हाय का ह्याच्यात?" दुकान फिदीफिदी हसलं. कोणीतरी म्हणालं, हेच तुमचं सेल का, आधी चढवायचं मग उतरवायचं. पप्पूशेठचा चेहरा लाल झाला.

"आबा, ह्ये काय लिवलंय तुमी?"

"भाव पंचेचाळीसच हाय," आबा म्हणाले. "मला ठावं हाय."

"मग साडेचार हजार का लिवलं?"

आबा गादीच्या चादरीची सुरकुती सरळ करत बसले.

संध्याकाळी पप्पूशेठने मला चुकलेल्या सगळ्या भावांची यादी काढून मागितली. तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, "माझ्या चुलत्याचं आसंच झालं, ताई. आदी आकडं इसारले. मग घर इसारले. पाटसच्या पुलाखाली सापडले आमाला. आबांचं आत्ताच थांबिवलं पायजे."

मी यादी काढली. वर मथळा, खाली पानांचे नंबर, आकडे एकाखाली एक सरळ. खरं सांगायचं तर मला माझ्या यादीचा अभिमान वाटला.

१६ ऑक्टोबर

आज आबांना गादीवरून उठवलं.

'उठवलं' हा शब्द वाईट दिसतो, पण झालं तेच. पप्पूशेठने माझी यादी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आबा, तुमी आता दमलाय. कासुर्डीच्या वस्तीवर ऱ्हावा. चार मेंढरं हायती, मोकळी हवा हाय." कासुर्डीला त्यांची थोडी जमीन आणि एक खोली आहे, आमच्या घरापासून लांब नाही. आबांनी यादी हातात घेतली. पहिलं पान, दुसरं पान, सगळी पानं हळूहळू बघितली. मला वाटलं भांडतील, रागावतील. ते यादी नुसती वाचत होते. जणू त्यात काही चूक नव्हतीच.

उठताना त्यांनी पेन घेतलं आणि लोकरीच्या दोऱ्याचा गुंडा घेतला. माझ्यापाशी थांबले.

"पोरी, मशीनमधलं ते समदं पुसलं का गं?"

मी म्हटलं, "हो आबा, काळजी करू नका. एकही ४५६७ ठेवला नाही. कायमचं पुसलं."

"बरं," म्हणाले.

फॉक्सप्रोमध्ये नुसती डिलीट केलेली ओळ परत आणता येते. पण मी लगेच 'पॅक'ची कमांडही देऊन टाकली, म्हणजे आता कोणाच्या बापालाही परत आणता येणार नाही. काम करायचं तर पक्कं करायचं, असा माझा बाणा.

२१ ऑक्टोबर

सेल जोरात. प्रोग्राम एकदाही बोंबलला नाही. पप्पूशेठ म्हणाला, ताई, तुमच्यामुळं दुकान तरलं. गादीवर आता तो बसतो. बसतो कसला, टोकाला टेकतो आणि मधली जागा मोकळी सोडतो.

हे या रविवारीही आले नाहीत. लक्ष्मीपूजनाला नक्की येणार आहेत.

३० ऑक्टोबर

आज सगळं पहिल्यापासून लिहिते.

दुपारी साधनाने पाणी दिलं. ती आता पुन्हा माझ्याशी बोलते. पेला स्टीलचा, जुना, कडेला नाव कोरलेलं. सगळ्यांच्याच घरी भांड्यांवर नावं असतात, कोण वाचतं? प्रिंटर अडकला होता म्हणून रिकामी बसले होते, म्हणून वाचलं. कुशाबाई मल्हारी, यवत.

म्हटलं, "कुशाबाई कोण?"

"आत्या की. आमच्या सासूबाई," साधना म्हणाली. "तुमाला आजून नाव ठावं नव्हतं?"

नव्हतं. कोणी घेतलंच नव्हतं. या दुकानात मी दीड महिना बसतेय आणि त्या बाईला मी 'आजी' म्हणते, साधना 'आत्या', पप्पूशेठ 'आय', आणि आबा काहीच म्हणत नाहीत.

ते नाव मी पुन्हा वाचलं आणि बोटांवर मोजलं. म, ल्हा, री. कु, शा, बा, ई. य, व, त. दहा अक्षरं, एकही दोनदा येत नाही. आबांनी दुकान टाकलं तेव्हा जुळवलेला शब्द म्हणजे हा. काना-मात्रा काढून टाकल्या की कोणाला कळणार? एक ते तीन ते स्वतः, चार ते सात ती, आणि आठपासून शून्यापर्यंत गाव.

पंच्याचा भाव त्यांना ठाऊक होता. त्यांनी सांगितलंही होतं, पंचेचाळीसच आहे. चिठ्ठीवर त्यांनी भाव लिहिलाच नव्हता. त्यांनी कुशाबाई लिहिलं होतं. टोपीवर कुशाबाई, परकरावर कुशाबाई, फ्रॉकवर कुशाबाई. दिवाळीपासून अक्षरं अजिबात लागणार नाहीत असं त्यांना मीच सांगितलं होतं. आणि नंतर हेही मीच सांगितलं की एकही कुशाबाई ठेवली नाही.

दुकानात गिऱ्हाईक असताना मला रडू आलं. साधनाने मला आत नेलं, जिथे त्या बसायच्या त्या खोलीत.

३१ ऑक्टोबर

पप्पूशेठला सांगितलं. मला वाटलं हसेल किंवा उडवून लावेल. त्याने पेला हातात घेतला आणि पाढ्यासारखं म्हणायला लागला, "म, ल, र, क, श, ब..." आणि 'ई'वर थांबला. मग म्हणाला, "आमी आय म्हनायचो. नाव कोन घेतंय?"

जुन्या चिठ्ठ्या कुठे आहेत विचारलं. छापील लेबलं लावली तेव्हा सगळ्या कापून बंबात घातल्या होत्या. आम्ही तिघांनी माळा उपसला. एका घोंगडीच्या घडीत एक सापडली, काळ्या दोऱ्यासकट. क श ब ई. पप्पूशेठने ती शर्टाच्या खिशात ठेवली, मग काढून माझ्याकडे दिली. माझ्याकडे का दिली ते मला कळलं नाही.

मीही कॉम्प्युटरवर बसून शोधलं, कुठे जुनी कॉपी राहिलीय का. नाही. मी काम पक्कं केलं होतं.

२ नोव्हेंबर

पप्पूशेठ वस्तीवर जाऊन एकटाच परत आला. आबांच्या पाया पडला म्हणे. म्हणाला, चला, गादी तुमचीच हाय, लेबलासंगं तुमची चिठ्ठीबी लावू. आबा म्हणाले, "आरं, तवा भाव लिवत व्हतो म्हनून ती येत व्हती. आता नुसतं लोकांना दावायला लिवू व्हय?"

आणि म्हणाले, मेंढरांना पाणी दाखवायचंय, तू जा.

५ नोव्हेंबर, पाडवा

हे परवा रात्री आले. आज सकाळी ओवाळलं. सासूबाई म्हणाल्या, नाव घे. मी घेतलं. मग कुठून बळ आलं कोण जाणे, मी म्हटलं, आता तुम्ही माझं घ्या. हे हसले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला घेतो. आता गाडी चुकेल." ओवाळणीत साडी घातली. लेबल तसंच होतं, आधी ३९९, आता २५०. सवयीने सूट काढली, सदतीस टक्के. साडी चांगली आहे, रंग मला शोभेल.

यांना हायवेपर्यंत सोडून आले आणि करंज्यांचा डबा घेऊन आबांच्या वस्तीवर गेले. ती चिठ्ठी पदराला बांधली होती.

आबा खोलीच्या दाराशी घोंगडीवर बसले होते. पागोटं नव्हतं, बोडक्या डोक्याने एकदम लहान दिसत होते. आज पाडवा, आणि त्यांना ओवाळणारं कोणी नव्हतं. मी डबा ठेवला, पाया पडले. माफी कशी मागायची ते वाटेत जुळवलं होतं, ते एकही वाक्य आठवलं नाही. नुसती चिठ्ठी काढून पुढे धरली.

त्यांनी ती घेतली. चाळशी लावली नाही. अंगठा अक्षरांवरून फिरवला आणि दोऱ्याची गाठ चाचपली.

"ह्ये तिनं बांधलेलं न्हाई," म्हणाले. "ही माझी गाठ हाय. तिची बारीक असायची."

मी म्हटलं, "आबा, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं ठावं असंल?" मग म्हणाले, "नाव काय गं तुझं? पोरी पोरीच म्हनतोय मी."

"अनुपमा."

त्यांनी लगेच बोटांवर मोजायला सुरुवात केली. "अ, न, प, म. चार. चांगलं हाय, एकबी दोनदा येत न्हाई. आन् मालकांचं?"

मी अडखळले. उखाण्याशिवाय घेतलं नाही कधी, आणि या वहीतही आजवर लिहिलं नाही. "मच्छिंद्र."

"म, छ... म दोनदा आला." आबांनी मान हलवली. "जुळत न्हाई." माझ्याकडे बघून घाईने म्हणाले, "आगं, आकड्याचं म्हनतोय. दुकान टाकशील तवा दुसरं काय तरी बघू."

मी हसले. त्यांनाही बरं वाटलं असावं. एक करंजी मोडून अर्धी त्यांनी मला दिली. मेंढरं समोर चरत होती आणि हायवेवरून फटाक्यांचे आवाज येत होते. मग मला राहवलं नाही.

"आबा, आजींना माहीत होतं का? आपण ओवतोय त्या चिठ्ठीवर आपलं नाव आहे ते?"

"तिला कुठलं अक्षर येत व्हतं? दोरा ववायची आन् म्हनायची, मालक, किती बारीक लिवताय, डोळं जात्याल."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

आबांनी चिठ्ठी उलटी केली, परत सुलटी केली.

"सांगायचं व्हतं," म्हणाले. "रोज वाटायचं, आज सांगू. पर दुकानात कायम गिऱ्हाईक असायचं."